पंखा फिरतोय पण हवा तीच

मी वायरिंगचं काम करतो, वीसेक वर्षं झाली. बेळगावात वडगाव, शहापूर, अनगोळ, तिकडं खानापूर-जांबोटी, कधी निपाणी, जिकडनं फोन येतोय तिकडं जातो. पाहुणे हॉलमध्ये बसून परत जातात, माझं काम मात्र स्वयंपाकघरात, न्हाणीत, माळ्यावर, म्हंजे जिथली हवा घरातली माणसं रोज ओढतात तिथं. होल्डरमधला जुना बल्ब काढून त्याच्यावर बोट फिरवलं की बोटाला काय लागतंय त्यावरनं मला कळतंय त्या घरात चूल आहे का गॅस, खिडकी उघडतात का नाही. बल्बला चिकटलेलं काजळ दिसतंय तरी, तोच धूर रोज दोन-तीन टाईम बाईमाणसाच्या छातीतनं पण जातोय आणि तिथं बोट फिरवून बघता येत नाही.

हे सगळं मी मनावर घेतलं ते आईमुळं. आईनं जांबोटीकडच्या आमच्या घरात चाळीस वर्षं चुलीवर स्वयंपाक केला. तंबाखू नाही, मिश्री नाही, काही नाही. साठी ओलांडल्यावर चार पायऱ्या चढताना दम लागायला लागला, खोकला महिनोन्महिने जाईना, शेवटी डॉक्टरांकडं नेलं तर त्यांनी नळीत फुंकायची टेस्ट घेतली आणि पहिला प्रश्न विचारला, "आई, तुम्ही विडी ओढत होता काय?" आई बघतच राहिली. मग त्यांनीच समजावून सांगितलं की याला सीओपीडी म्हणतात, सिगरेट ओढणाऱ्यांना होतोय तोच आजार, पण आपल्याकडं खेड्यातल्या कितीतरी बायकांना तो चुलीच्या धुरानं होतोय. श्वासाच्या नळ्या सुजून अरुंद होतात, एकदा झाल्या की पहिल्यासारख्या होत नाहीत, औषधानं त्रास आवरता येतोय एवढंच. त्या दिवसापासनं जे वाचलं, डॉक्टरांना विचारलं आणि घराघरांत डोळ्यांनी बघितलं ते इथं लिहितोय.

आधी धूर म्हंजे नेमकं काय ते बघू. गिरणीत पीठ उडतंय, थोड्या वेळानं खाली बसतंय, झाडून काढता येतंय. पण लाकूड, तेल, उदबत्ती, कापूर असलं काही जळतंय तेव्हा त्यातनं जे कण निघतात ते पिठापेक्षा कितीतरी बारीक असतात. बातम्यांत पीएम २.५ म्हणतात ते हेच, अडीच मायक्रॉन किंवा त्याहून लहान कण. मायक्रॉन म्हंजे मिलिमीटरचा हजारावा भाग. डोक्याचा केस ५० ते ७० मायक्रॉन जाड असतोय, म्हंजे एका केसाच्या जाडीत असले वीस-पंचवीस कण शेजारी शेजारी मावतील. एवढे हलके असल्यामुळं ते खाली बसत नाहीत, बंद खोलीत तासन्‌तास तरंगत राहतात, धूर दिसायचा बंद झाला तरी ते असतातच. मोठी धूळ नाकातले केस आणि शेंबूड अडवतो, हे कण मात्र सरळ फुफ्फुसाच्या टोकाला जे बारीक फुगे असतात तिथपर्यंत जातात, आणि त्यातले सगळ्यात बारीक तर तिथनं रक्तात उतरतात. म्हणून धुराचा त्रास नुसता छातीला होत नाही, हार्ट अटॅक आणि लकव्याचा धोका पण त्यानं वाढतोय.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये सांगितलेली मर्यादा अशी की २४ तासांची सरासरी काढली तर एक घनमीटर हवेत हे कण १५ मायक्रोग्रॅमच्या वर नसावेत. आपल्या देशाचं २००९ चं स्टँडर्ड आहे ६० चं. आणि हवा न खेळणाऱ्या घरात चूल पेटली की हे प्रमाण चालण्यासारख्या पातळीच्या १०० पट जाऊ शकतंय, हे पण त्याच संघटनेचं म्हणणं. घरातल्या धुरामुळं २०२० या एका वर्षात जगात ३२ लाख माणसं गेली असा त्यांचा हिशोब आहे, त्यात पाच वर्षांच्या आतली पोरं २ लाख ३७ हजारांच्या वर. हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा परत वाचला, मला वाटलं एखादं शून्य जास्त पडलंय.

आता मला जे मेन सांगायचंय ते. घरातली हवा खराब करणाऱ्या बऱ्याचशा गोष्टी आपणच घरात तयार करतो. त्यामुळं पहिलं काम ते तयार होणं कमी करायचं, दुसरं काम जे तयार झालंय त्याला बाहेर जायला वाट द्यायची, आणि मशीन-बिशीन नंतर. लोक उलटं करतात, आधी प्युरिफायरचं विचारतात.

वाट म्हंजे काय ते जुन्या घरांवरनं लगेच कळतंय. आमचं गावाकडचं घर मंगलोरी कौलांचं. चुलीवर धुराडं होतं, कौलांच्या फटीतनं पण धूर वर निघायचा, लांबनं बघितलं तर सकाळी सगळ्या गावाची छपरं धुमसत असल्यासारखी दिसायची. गरम हवा हलकी होऊन वर जाते, ती वरनं निघाली की तिच्या जागी खालनं दारातनं थंड हवा आत येते, एवढंच त्यामागचं विज्ञान. तेवढ्यानं धूर पुरा जात नव्हता, नाहीतर आईला हे झालंच नसतं, पण निदान घर श्वास घेत होतं. आता आपण स्लॅब टाकतो, अल्युमिनिअमच्या सरकत्या खिडक्या बसवतो, त्या तर अर्ध्याच उघडतात, दारावरचा झरोका असतोय तिथं पीओपी करून टाकतो. घर छान दिसतंय पण फटी गेल्या. आणि लोक सिलिंग फॅन लावून म्हणतात हवा खेळती आहे की. सिलिंग फॅन आतलीच हवा आतल्या आत ढवळतोय, बदलत नाही. चहात साखर ढवळल्यासारखं, चमचा कितीबी फिरवा कपातला चहा तोच.

तुमच्या घरात हवा कुठनं कुठं जाते ते बघायला मीटर लागत नाही. संकेश्वरी मिरचीची खमंग फोडणी द्या आणि बघा कुठल्या खोलीतला माणूस पहिल्यांदा शिंकतोय. बेडरूममधली आज्जी शिंकली म्हंजे तुमच्या स्वयंपाकघरातली हवा बाहेर न जाता आत घरात चाललीय. मी हे गिऱ्हाइकांच्या घरी खरंच करायला लावतो. अजून नीट बघायचं असलं तर एक उदबत्ती पेटवून खिडकीजवळ, दाराच्या फटीजवळ, एक्झॉस्टजवळ धरा, धुराची रेघ कुठं झुकते ते दिसतंय. रेघ सरळ वर चालली म्हंजे तिथं हवा हलतच नाही.

आणि एक्झॉस्ट फॅनबद्दल थोडं जास्त लिहितो कारण दहा घरांतल्या सहा-सात घरांत तो चुकीच्या जागी बसवलेला मला दिसतोय. बिल्डर भोक सोडतोय खिडकीच्या वरच. मग होतंय असं की फॅन लावला आणि खालची खिडकी उघडी ठेवली तर बाहेरची हवा खिडकीतनं आत येते आणि तिथल्या तिथं फॅनमधनं बाहेर जाते, गॅसवरचा धूर तसाच मागं राहतोय. फॅन पाहिजे वरती, शेगडीच्या जवळच्या भिंतीला, आणि आत येणारी हवा पाहिजे समोरच्या बाजूनं, म्हंजे ती शेगडीवरनं धूर घेऊन बाहेर जाते. फॅन चालू असताना जवळची खिडकी बंद करा, लांबचं दार किंवा खिडकी वीतभर उघडा. दुसरी चूक म्हंजे सगळी दारं-खिडक्या गच्च बंद आणि फॅन चालू. पाती फिरतात, आवाज येतोय, पण आत यायला हवाच नाही तर बाहेर काय जाणार? आणि भाजणी-फोडणी संपली की लगेच बटण बंद करायचं नाही, पंधरा-वीस मिनिटं चालू द्यायचं. घरगुती फॅन साधारण ४०-५० वॅटचा असतोय, रोज दोन तास चालवला तरी महिन्याला तीन युनिटच्या आसपास, त्याच्यात वाचवण्यासारखं काही नाही. पात्यांवर तेलाचा चिकट थर बसला की तो हवा ओढत नाही, महिन्या-दोन महिन्यातनं मेन स्विच बंद करून खायचा सोडा टाकलेल्या गरम पाण्यात फडकं बुडवून पाती पुसायची.

किचन चिमणीचं पण असंच. पाईप बाहेर काढलेली असेल तरच ती चिमणी. पाईप नसलेली येते ती हवा जाळीतनं-कार्बनमधनं गाळून परत स्वयंपाकघरातच सोडते, तेल थोडं अडतंय, गॅस आणि वाफ तिथंच. दुकानात हे कोणी आपणहून सांगत नाही, विचारा.

गॅसवर स्वयंपाक म्हंजे धूर नाही असं वाटतंय, चुलीच्या मानानं ते खरं पण आहे, जमीन-अस्मानाचा फरक आहे. तरी ज्योतीच्या उष्णतेनं हवेतलाच नायट्रोजन जळून नायट्रोजन डायऑक्साईड तयार होतोय आणि दमेकरी पोरांना तो त्रास देतोय. ज्योत निळी पाहिजे. पिवळी येत असेल, पातेल्याची बुडं काळी होत असतील तर बर्नरची भोकं तुंबलीत, सुईनं साफ करा नाहीतर शेगडीवाल्याला बोलवा.

चुलीबद्दल मी कुणाला नावं ठेवत नाही. उज्ज्वला योजना १ मे २०१६ ला सुरू झाली तेव्हापासनं खानापूरकडच्या वाड्या-वस्त्यांत पण सिलिंडर पोचलाय, पण भरायला पैसे लागतात आणि लाकूड रानातनं येतंय, मग चहा गॅसवर आणि भाकरी-भात, जनावरांची अंबोण चुलीवर असं चालतंय. आपल्या कर्नाटकातच बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९७४ ला अस्त्र नावाचा विभाग निघाला, खेड्यांसाठी तंत्रज्ञान करायला, आणि त्यांनी पुढं अस्त्र ओले नावाची चूल केली, ओले म्हंजे कन्नडात चूल. बाजूनं बंद, तीन भांड्यांची, धूर पाईपमधनं छपराच्या वर. कल्पना चांगली, पण पाईप काजळीनं भरतोय, तो वेळच्या वेळी साफ केला नाही तर धूर परत घरात. म्हणून चूल ठेवणारच असाल तर एवढं करा: लाकूड पावसाच्या आधी आत भरून कोरडं ठेवा, कारण ओलं लाकूड आधी स्वतःचं पाणी उकळवत बसतंय आणि अर्धवट जळून जास्त धूर करतंय, अंबोण आणि आंघोळीचं पाणी परसात तापवा, आणि लहान पोराला मांडीवर घेऊन चुलीपुढं बसू नका. घरात जनावरं असली तर गोबरगॅसचा विचार करा, तो पण स्वच्छ जळतोय. आणि घरात पैशाची चणचण असली तरी सिलिंडरचे पैसे बाजूला काढण्याचं काम गड्यांनी करावं असं मला वाटतंय, कारण धूर बाई ओढते आणि पैशाचं ठरवतोय दुसराच कोणीतरी.

न्हाणीतल्या बंबाचं वेगळं सांगायला पाहिजे. आपल्याकडं अजून कितीतरी घरांत बंब नाहीतर न्हाणीतली चूल आहे, त्यात करवंट्या, पाचट, लाकडाचा भुसा आणि शेवटी घरातला सगळा कचरा जातोय, प्लॅस्टिकच्या पिशव्या, चपला, वायरीचे तुकडे. वायरीवरचं कव्हर पीव्हीसीचं असतंय, ते जळलं की आम्लाचा वायू आणि डायॉक्सिन नावाचं विष निघतंय, डायॉक्सिन शरीरात वर्षानुवर्षं राहतंय. मी वायरचे तुकडे गिऱ्हाइकाच्या घरी सोडत नाही, गोळा करून नेतो, ते याच्यासाठीच.

आता जे सगळ्यात महत्त्वाचं ते सांगतो, हे वाचून घरातल्या म्हाताऱ्या माणसांना पण वाचून दाखवा. कार्बन मोनॉक्साईड. कुठलंही इंधन हवा कमी पडून जळलं की हा तयार होतोय. त्याला रंग नाही, वास नाही, डोळे चुरचुरत नाहीत. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटीहून जास्त घट्ट चिकटतोय, मग रक्त फिरतंय पण ऑक्सिजन घेऊन जात नाही. आधी डोकं जड, मग मळमळ, चक्कर, झोप, आणि त्या झोपेतनं माणूस उठत नाही.

आपल्याकडं हा दोन ठिकाणी गाठतोय. एक म्हंजे बाळंतिणीची खोली. वारा लागू नये म्हणून खिडक्यांना चादरी लावलेल्या, दार लोटलेलं, बाजेखाली निखाऱ्याची शेगडी, वर ओवा-वेखंड-लसणाच्या सालांची धुरी. हे सगळं मायेनं केलेलं असतंय, आमच्या आत्तीनं माझ्या बायकोचं असंच केलं आणि जीव लावून केलं. पण निखारे धूर करत नाहीत म्हणून ते चांगले असं नाही, कार्बन मोनॉक्साईड निखाऱ्यातनंच जास्त निघतोय. मोठा माणूस मिनिटाला १२ ते २० श्वास घेतोय, नुकतं जन्मलेलं बाळ ४० ते ६०, म्हंजे अंगाच्या वजनाच्या मानानं त्या खोलीतली हवा सगळ्यात जास्त तेच ओढतंय. मी आत्तीला एवढंच म्हणालो, "आत्ती, शेक द्यायचा तर गरम पाण्याच्या पिशवीनं देऊया, शेगडी सोप्यात ठेवूया, कपडे तिथं गरम करून आत आणू." तिला पटलं. ऊब पाहिजे ती बाळाला मिळालीच, कुंची-दुपट्यानं आणि आईच्या अंगाशी.

दुसरं ठिकाण बाथरूममधला गॅस गीझर. छोटी बंद जागा, दार लावलेलं, गीझर तिथलाच ऑक्सिजन जाळतोय. आंघोळीला गेलेला माणूस बाहेर आला नाही अशा बातम्या थंडीत दरवर्षी येतात. गॅस गीझर बाथरूमच्या आत बसवायचाच नाही, बाहेर उघड्यावर बसवून गरम पाण्याचा पाईप आत आणायचा. आत असलेला बाहेर काढायला प्लंबरचं एका दिवसाचं काम आहे. कुणी असं बेशुद्ध सापडलं तर आधी दारं-खिडक्या उघडा, माणसाला मोकळ्या हवेत न्या, गॅस बंद करा आणि १०८ ला फोन लावा. आणि एक माझ्या कामातलं: न्हाणीत बंब पेटलेला असताना शेजारच्या स्वयंपाकघरात मोठा एक्झॉस्ट चालू असेल आणि बाकी घर बंद असेल तर फॅन बंबाच्या नळीतनंच हवा खेचतोय, म्हंजे धूर उलटा घरात येतोय. दोन्हीची वेळ एक असेल तर एक दार उघडं पाहिजेच.

मच्छर अगरबत्ती. २००३ साली छापून आलेल्या एका अभ्यासात मोजलं होतं की एक कॉईल पूर्ण जळाली की ७५ ते १३७ सिगरेटी जाळल्यावर जेवढे पीएम २.५ निघतात तेवढे निघतात. आणि आपण ती पोराच्या उशाशी लावून खिडकी बंद करून झोपतो. कडुलिंबाच्या पाल्याची धुरी नैसर्गिक आहे म्हणून चांगली असं वाटतंय पण फुफ्फुसाला कण तो कणच. मच्छरदाणी वापरा, खिडक्यांना जाळी मारा म्हंजे डास आत येत नाहीत आणि खिडकी पण उघडी राहते, एका कामात दोन कामं. देवापुढच्या उदबत्तीबद्दल मी कुणाच्या श्रद्धेत जात नाही, आमच्याकडं पण लावतो, एक लावतो, खिडकीजवळ लावतो, आणि आईचा दम वाढलेला असतोय त्या दिवशी नुसतं निरंजन आणि फुलं. गणपतीत घरात माणसं जास्त, धूप-कापूर जास्त, बाहेर पाऊस म्हणून खिडक्या बंद, तेव्हा तरी आरती झाल्यावर समोरासमोरची दोन दारं दहा मिनिटं उघडा.

पावसाळा म्हंजे आपल्याकडं चार महिने ओल. कणकुंबी-जांबोटीकडं तर कपडे वाळता वाळत नाहीत. ओल म्हंजे बुरशी, आणि बुरशीची बी धुळीसारखी हवेत उडते, दमेकऱ्याला तीच छळते. पण भिंतीवरचं सगळंच बुरशी नसतंय. पांढरी खरखरीत पावडर असेल, बोटानं चुरली जात असेल, पाणी लावल्यावर विरघळत असेल तर तो लोणा, भिंतीतलं मीठ बाहेर आलेलं. काळे-हिरवे ठिपके आणि कुबट वास असेल तर बुरशी. लोणा जमिनीजवळ असेल तर पाणी खालनं वर चढतंय, समईच्या वातीत तेल चढतंय तसं. वरच्या कोपऱ्यात असेल तर स्लॅब किंवा पन्हळ गळतेय. पाणी येणं बंद केल्याशिवाय नुसता रंग मारलात तर पुढच्या श्रावणात फुगे येऊन पोपडे पडणारच, मी तर म्हणतो रंगाचे पैसे आधी गच्चीवर आणि पन्हळीवर घाला. बुरशी पुसताना तोंडाला मास्क, साबणाच्या पाण्यानं ओलं करून पुसायची, कोरडी खरवडली तर खोलीभर पसरते. जुन्या घरांत चुना लावायचे ते यात चांगलं होतं, चुन्याच्या खारेपणात बुरशी धरत नाही.

आणि कपडे खोलीत वाळत घालू नका असं मी सांगणार नाही, पाऊसच एवढा असतोय तर करणार काय, पण बादलीभर पिळलेल्या कपड्यांतनं दोन-एक लिटर पाणी खोलीच्या हवेत जातंय हे लक्षात ठेवा. एकाच खोलीत घाला, त्या खोलीचं घराकडचं दार बंद, खिडकी फटीएवढी उघडी. झोपायच्या खोलीत नको. हवेतली ओल ६० टक्क्यांच्या खाली राहिली तर बुरशी फार वाढत नाही, दोन-चारशे रुपयांत ओल दाखवणारं छोटं मीटर मिळतंय, ते घेण्यासारखं आहे. आपल्याकडं पावसाचा वारा पश्चिमेकडनं, घाटाकडनं येतोय, त्यामुळं तिकडची खिडकी बंद करावी लागते, मग पूर्वेची उघडा. वाकळा-गाद्यांत न दिसणारे बारीक किडे वाढतात, त्यांना ओलच लागते, म्हणून ऊन पडलं की पहिलं वाकळ बाहेर.

काही घरांत धूळ धंद्यातनं येते. निपाणीकडं बायका घरातच विडी वळतात, सुपात तंबाखूचा भुगा, शेजारी झोपलेलं पोर, आणि तो भुगा पोराच्या पण नाकात जातोय. वडगाव-खासबागेत मागाच्या खोलीतनं सुताचे तंतू घरभर उडतात. उद्यमबागेतल्या फाउंड्रीतनं आलेला माणूस कपड्यांवर वाळू-लोखंडाची पूड घेऊन येतोय आणि पोरगं पळत येऊन मिठी मारतंय. कामाची जागा आणि झोपायची जागा शक्य तेवढी वेगळी, कामाचे कपडे दारातच बदलायचे, आणि कोरडी केरसुणी कमी, ओलं फडकं जास्त. झाडू मारताना उन्हाच्या तिरीपीत जे चमकत नाचतंय ते आपण गोळा केलं नाही, उडवलं, एवढं बघितलं तरी पटतंय. सिमेंटचे जुने पत्रे असतील तर त्यांना घासू नका, भोकं पाडू नका, त्यात ॲस्बेस्टॉस असतंय, तुटल्यावर त्याचे तंतू हवेत सुटतात. जुना ऑइलपेंट पण कोरडा घासायचा नाही, २०१६ च्या नियमानं रंगात शिसं ९० पीपीएमच्या, म्हंजे दहा लाख भागांत ९० भागांच्या वर चालत नाही पण त्याच्या आधीच्या रंगांचं काय सांगता येत नाही.

नवीन रंग आणि नवीन प्लायवूडचा वास हा नुसता वास नसतोय. प्लाय चिकटवायच्या गोंदातनं फॉर्मल्डिहाईड निघतोय, उष्णतेत आणि दमट हवेत जास्त. वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी रंग संपवून दुसऱ्या दिवसापासनं गरोदर बाई आणि लहान पोरं आत राहायला येतात हे मला बघवत नाही. दोन-तीन आठवडे आधी काम उरका, कपाटांची दारं उघडी ठेवा, खिडक्या उघड्या ठेवा.

खिडकी कधी उघडायची हा प्रश्न थंडीत येतोय. चिकोडी, रायबाग, अथणी, गोकाककडं ऊस तुटला की पाचट पेटवतात, संध्याकाळी सगळा शिवार धुरात. थंडीत रात्री जमीन गार होते, तिच्याजवळची हवा गार आणि जड, वर ऊबदार हवेचं झाकण, त्यामुळं धूर वर जात नाही, गावावरच पसरून राहतोय. सकाळचं धुकं म्हणतो त्यात धूर पण असतोय. ऊन चढलं, जमीन तापली की झाकण मोडतंय. म्हणून त्या दिवसांत खिडक्या अकरा ते चार उघड्या, पहाटे आणि संध्याकाळी बंद. बाकी दिवसांत उलट, सकाळी उठल्या उठल्या उघडा, कारण चार माणसं बंद खोलीत रात्रभर झोपली की सोडलेल्या श्वासाचा कार्बन डायऑक्साईड साठतोय, बाहेर तो ४२० पीपीएमच्या आसपास, बंद खोलीत हजार-दोन हजाराच्या वर जातोय, सकाळी डोकं जड होतंय त्याला ही कोंदट हवा पण एक कारण असू शकते. घरात टीबीचा पेशंट असेल तर खेळती हवा ही औषधाच्या बरोबरीनं पाहिजे, रोगाचे जंतू हवेतनंच जातात.

आता प्युरिफायर. एवढं सगळं करून पण घरात दमेकरी असेल, घर मेन रोडला असेल तर घ्या. त्यात हेपा फिल्टर पाहिजे, तो ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवतोय. पण हेपा कण अडवतोय, वायू नाही, म्हंजे कार्बन मोनॉक्साईडला तो काही करत नाही. मशीन खोलीच्या मापाचं पाहिजे. दहा बाय बारा खोली, दहा फूट उंच, १२०० घनफूट झाली, म्हंजे ३४ घनमीटर. तासाला पाच वेळा हवा गाळायची तर मशीनचं सीएडीआर, म्हंजे ते तासाला किती साफ हवा देतंय ते, १७० घनमीटर तरी पाहिजे, हा आकडा खोक्यावर असतोय. ओझोन सोडणारी मशीनं घेऊ नका, ओझोन स्वतःच फुफ्फुसाला जाळतोय. फिल्टर किती महिन्यांनी बदलायचा आणि कितीला पडतोय ते आधी विचारा. आणि झाडं लावा, जरूर लावा, मला पण आवडतात, पण हवा साफ व्हायला म्हणून नको. नासाचा १९८९ चा प्रयोग सगळे सांगतात, तो छोट्या बंद पेटीतला होता. २०१९ मध्ये असले सगळे प्रयोग एकत्र तपासले तर निघालं की साध्या घरातल्या हवेच्या येण्या-जाण्याएवढा परिणाम झाडांनी पाहिजे असेल तर एक चौरस मीटरला १० ते १००० झाडं लागतील.

आईच्या घरात मी गेल्या उन्हाळ्यात एवढंच केलं: चूल परसात नेऊन वर पत्र्याची पडवी काढली, रोजचा स्वयंपाक गॅसवर, शेगडीच्या भिंतीला वर नऊ इंची फॅन, समोरच्या दाराला खाली चार बोटं फट सोडली, चार कौलं काढून तिथं जाळीचा झरोका केला. सगळं मिळून दोन दिवसांचं काम झालं. आईला फॅनचा आवाज आवडला नाही, ती म्हणाली, "एवढं घुमतंय कशाला?" मग मी शेगडीजवळ उदबत्ती धरून तिला दाखवलं, धुराची रेघ वाकडी होऊन फॅनकडं गेली. आता ती भाकरी टाकायच्या आधी आपणच बटण दाबते. बटण मी तिच्या हाताच्या उंचीला घेतलंय, सिलिंगजवळ नाही. तुमच्याकडं बसवाल तेव्हा वायरमनला हे सांगा, बटण वर असलं की बायका ते चालू करत नाहीत.